त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर जेवला नाहीत

सर, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायचा अधिकार असलेले पुष्कळ लोक आहेत. तुमच्याबरोबर स्पर्धा खेळलेले आहेत. तुम्ही घडवलेले दोघं-तिघं आज स्वतः शिकवतात. खाडीपलीकडच्या गोल्फ क्लबातले, खेळाडूंच्या बॅगा वाहणारे जुने कॅडी तुम्हाला जनादादा म्हणायचे, तेही आहेत. मी तुमच्याकडे जेमतेम दोन वर्षं होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतली उत्तरं सोडली तर कागदावर सलग असं मी कधी काही लिहिलेलं नाही. पण नुसतं लिहिता येत नाही म्हणून एवढी माफी मागायची गरज नसते. माझं कारण वेगळं आहे.

गेल्या रविवारी सोनलताईंचा फोन आला. तुमची मुलगी म्हणून त्यांचं नाव तुमच्या तोंडून ऐकलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं.

"बाबांच्या वहीत तुझा नंबर मिळाला," त्या म्हणाल्या. "आम्ही बाबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय. सगळे एकेक पान देतायत. तू त्या जेवणाबद्दल लिही."

"कुठल्या जेवणाबद्दल?"

"असं काय करतोस! सिलेक्शनच्या दिवशी तू बाबांना क्लबहाऊसमध्ये आत नेऊन शेजारी बसवलंस ना, ते. आल्यागेल्याला सांगायचे. 'पोरगा बोलला, माजे सर माज्या बाजूला बसनार.' आईला तर पाठ झालंय. ती म्हणाली, त्या मुलाकडून तेवढं मात्र लिहून घे."

मी "बरं ताई, लिहितो" म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर चार दिवस वही उघडून बसत होतो आणि मिटत होतो.

सर, तुम्ही त्या दिवशी माझ्याबरोबर जेवला नाहीत.

हे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुम्ही गेल्यावर हे माहीत असलेला मी एकटाच उरलो. तुम्ही रचून सांगितलेली गोष्ट सुंदर आहे. ती तशीच लिहून दिली असती तर काकूंना बरं वाटलं असतं आणि मी चांगला ठरलो असतो. पण तुम्हीच शिकवलेलं आहे की खेळाडूनं आपल्या स्कोअरकार्डावर स्वतः सही करायची असते, आणि आकडा चुकीचा असेल तर तो कुणी लिहिला याला काही अर्थ नाही. सही तुझी, जबाबदारी तुझी. म्हणून खरं तेच लिहितो. सोनलताई, तुम्ही हे आधी वाचाल. छापायचं नसेल तर छापू नका, मला काही वाटणार नाही.

सुरुवातीपासून सांगतो. बारावीत असताना कॉलेजच्या फळ्यावर तुम्ही एक कागद लावला होता. 'गोल्फ शिकायचे आहे? बूट नसले तरी चालेल.' तुम्ही तेव्हा आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे खेळांचे शिक्षक म्हणून यायचात. गोल्फचे व्यावसायिक खेळाडू होतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही अकराजण आलो. तुम्ही प्रत्येकाच्या हातात खराटा दिलात.

"सर, गोल्फ कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"येतंय. रस्त्यात हाय. तवर मैदान झाड."

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा होतो. पंधरवड्यानं मी एकटा. महिनाभर मी उलव्याच्या एका मोकळ्या प्लॉटवर खराटा नुसता झुलवत होतो, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वरून विमानं जायची आणि तुम्ही ओरडायचात, "वर काय बघतंस? त्यांचा त्यांना उडू दे!" मग एक दिवस तुम्ही माझ्या हातातला खराटा घेतलात आणि तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. ते मिठागरात मीठ ओढायचे. "त्यांचा लाकडी फावडा आवळून धरला तं दुपारपर्यंत हाताला फोड. सैल धरला तं मीठ जागचा हालत नाय. दोन्हीच्या मधी जो धरतात ना बाला, ती ग्रिप. मना काय कुन्या गोऱ्या सायबानी शिकवली नाय." आणि माझ्या हातात पहिल्यांदा खरी काठी दिलीत. त्या दिवशी चेंडू सरळ गेला. किती लांब गेला ते आठवत नाही, पण सरळ गेला.

माझ्या वडिलांना तुम्ही भेटायला बोलावलंत तेव्हा मला ते नको वाटत होतं. ते एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी आहेत, कांद्याची पोती वाहतात. साताऱ्याहून आले तेव्हापासून तेच काम. ते कामावरून तसेच आले, खांद्याला कांद्याची सालपटं चिकटलेली.

"सर, ह्यो श्रीमंतांचा खेळ," ते म्हणाले. "आमच्या पोराचं तितं काय काम?"

"मी काय श्रीमंत दिसतंय काय?"

वडिलांनी तुमच्या बुटांकडे बघितलं. उजव्या बुटाचा तळवा तुम्ही दोऱ्यानं शिवलेला होता. "न्हाय," ते म्हणाले, आणि तुम्ही दोघं एवढे हसलात की मलाच अवघडल्यासारखं झालं. नंतर तुम्ही दोघं खांदेदुखीवर बोलत बसलात. वडिलांचा उजवा, तुमचा डावा. कोणतं तेल लावायचं यावर तुमचं एकमत झालं नाही.

तुमचा डावा खांदा कसा गेला ते मला पुढे कळलं. बाराव्या वर्षापासून तुम्ही क्लबात कॅडी होतात, लोकांच्या काठ्यांची बॅग घेऊन अठरा होल चालायचात. सोमवारी कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, बंद असायचं आणि त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा असायची. तुम्ही खेळ शिकलात तो सोमवारी. अठरा वर्षांचे सोमवार. मग व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळालं. क्लबहाऊसच्या समोरच्या दारातून तुम्ही पहिल्यांदा आत जायला निघालात, तर सवयीनं वॉचमननं हटकलं, "ए जन्या, इकडून कुठं? मागनं जा." तुम्ही त्याला कार्ड दाखवलंत. त्यानं ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "यो कोनाचा हाय?" ही गोष्ट तुम्ही नेहमी हसत सांगायचात. आत जाऊन खुर्चीवर बसलात, चहा मागवलात आणि चहा येईपर्यंत कुणी उठवायला येतंय का म्हणून दाराकडे बघत होतात, हे मात्र एकदाच सांगितलंत.

त्या दिवशी तुम्ही ठरवलं होतं की यापुढे दुसऱ्याची बॅग खांद्यावर घ्यायची नाही. नंतरची वर्षं तुम्ही स्पर्धा खेळलात, कधी वर आलात, कधी पहिल्या दोन दिवसांतच घरी परतलात. खांदा गेल्यावर शिकवायला लागलात. पण बॅग कुणाची घेतली नाहीत. एकदा मी दमून माझी बॅग तुमच्याकडे सरकवली तर तुम्ही ती तशीच जमिनीवर पडू दिलीत.

"आपला वजन आपन उचलायचा."

तीच बॅग तुम्ही माझ्यासाठी उचललीत.

विद्यापीठाच्या संघाची निवड होती. खेळ सुरू असताना खेळाडूला सल्ला द्यायची परवानगी फक्त त्याच्या कॅडीला असते, कोचला नाही. कोचनं दोरीबाहेर उभं राहून गप्प बघायचं. माझी ती पहिली मोठी स्पर्धा, आणि घाबरलो की मला काही सुचत नाही हे तुम्हाला माहीत होतं. आदल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "मी येतंय तुज्या बॅगवर."

"सर, तुम्ही नका. मी कुणालातरी बघतो."

"कोनाला बघतंस? माज्यासारका कॅडी अख्ख्या नवी मुंबईत नाय."

तुम्ही विनोद केलात म्हणून मी हसलो. त्या दिवशी सकाळी कॅडींना देतात ते पाठीवर नंबर असलेलं हिरवं जाकीट तुम्ही अंगात घातलंत, तेव्हा चेन लावायला तुम्हाला फार वेळ लागला. मी बघत होतो आणि पुढे झालो नाही.

बाकीच्या मुलांचे कोच आले होते. अकादमीचं नाव छापलेले टी-शर्ट, काळे चष्मे, इंग्रजी. तुम्ही नोंदणीच्या टेबलावर जाऊन "आमचा पोरगा कितव्या ग्रुपला हाय?" असं मोठ्यानं विचारलंत. टेबलामागची दोन मुलं एकमेकांकडे बघून हसली. मी थोडा लांब उभा होतो. आणखी थोडा लांब झालो.

खरं सांगायचं तर हे त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. कॉलेजात कुणी वडील काय करतात विचारलं की मी "एपीएमसीत सर्व्हिसला आहेत" म्हणायचो. त्यामुळे जीभ तयारच होती.

खेळ चांगला चालला होता. तुम्ही माझ्या दोन पावलं मागे, बॅग डाव्या खांद्यावर, त्याच दुखऱ्या. उजव्यावर घ्या म्हटलं तर, "सवय नाय." सतराव्या होलला माझा चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताच्या, अलीकडे उतारावर थांबला. आपलं जुनं भांडण तिथे पुन्हा निघालं. मोबाईलवरच्या व्हिडिओत मोठे खेळाडू चेंडू उंच उडवून झेंड्याजवळ अलगद टाकतात, मला तसं करायचं असायचं. तुम्ही म्हणायचात, लोळव.

"उडवतो," मी म्हणालो.

"लोळव."

"सर, सगळे बघतायत."

"बघू दे. लोळवलास तं त्यांना दिसंल. उडवलास तं चेंडू शोधायला मनाच जावा लागंल."

मी लोळवला. चेंडू उतारावरून वळत, रेंगाळत खाली आला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. कुणीतरी टाळी वाजवली. त्या एका फटक्यानं मी संघात आलो, कारण शेवटी एकाच फटक्याचा फरक होता. पण भांडण मिटलं नाही असंच मला वाटतं. तुमचं बरोबर आलं एवढंच. उडवलेला चेंडूही कदाचित थांबला असता, असं मी अजून मनात म्हणतो. हे तुमच्याशी भांडायचं राहिलं.

खेळ संपला. क्लबहाऊससमोर निवड समितीचे एक जण माझ्याकडे आले. गुलाबी टी-शर्ट घातला होता त्यांनी. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सतराव्यावर काय शॉट होता तो! आजकालची मुलं खेळत नाहीत असा. कोच कोण तुझा?"

तुम्ही माझ्या डाव्या बाजूला होतात. काठ्या एकेक करून फडक्यानं पुसून बॅगेत ठेवत होतात.

"कोच नाही सर," मी म्हणालो. "व्हिडिओ बघून शिकलो."

"सेल्फ-टॉट? वा! आणि हे? घरचे कुणी?"

"नाही. कॅडी आहे."

'आहेत' असंसुद्धा म्हणालो नाही.

फडकं थांबलं. एवढंच. तुम्ही माझ्याकडे बघितलंत की नाही ते मला माहीत नाही, कारण मी बघितलं नाही. गुलाबी टी-शर्टवाले तुमच्याकडे वळून चांगल्या आवाजातच म्हणाले, "काका, कॅडींचं जेवण मागे शेडमध्ये आहे. बॅग इथेच ठेवा." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला समोरच्या दारातून आत घेऊन गेले.

तुम्ही "व्हय सायब" म्हणालात. हे मी ऐकलं.

आत पुलाव होता, पनीर होतं, गुलाबजाम होते. मी दोनदा वाढून घेतलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज याची वाटते. घशाखाली घास उतरत नव्हता असं काहीसं लिहावं असं मनात आलं होतं. पण उतरत होता. मला भूक लागली होती आणि लोक माझ्याशी बोलत होते.

परत येताना मी तुमच्या स्कूटरवर मागे, मधे बॅग. मग सिग्नलला म्हणालात, "जेवन बरा होता काय?"

"हो सर."

"आमच्याकडं वालाची भाजी होती. एकदम झकास." थोड्या वेळानं, "शेडमधी माज्या वेळचे दोघं भेटले. बोलले, जन्या, तू परत आला काय?" आणि तुम्ही हसलात. वॉचमनची गोष्ट सांगताना हसायचात तसं. मी त्या वेळी सॉरी म्हणू शकलो असतो. तुमची पाठ माझ्यासमोर होती, तोंड दिसत नव्हतं, याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "सर, मला इथेच सोडा, मी चालत जातो."

घरी जाऊन तुम्ही काकूंना ते जेवण सांगितलंत, हे मला आता कळतंय. तुम्ही पुन्हा बॅग उचलणार म्हणून त्या रागावल्या होत्या, हेही सोनलताईंनीच सांगितलं. मग तुम्ही त्यांना काय सांगणार होतात? मला वाचवलंत की स्वतःला, मला ठरवता येत नाही. पण तुमच्या त्या गोष्टीतला मुलगा मी असायला हवा होतो. तुम्ही त्याला ओळखत होतात बहुतेक. मी अजून ओळखत नाही.

त्यानंतर तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही दर सोमवारी फोन करत राहिलात. "बाला, कोर्स बंद हाय, ये." मी कधी सबमिशन म्हणालो, कधी ताप. संघाच्या सरावासाठी मला एका अकादमीत जायला मिळालं होतं, तिथे छापील टी-शर्टही मिळाला. वडील मधूनमधून विचारायचे, "सर बरं हायत न्हवं?" मी न भेटताच "बरे आहेत" म्हणायचो. शेवटच्या फोनवर मी परीक्षा आहे म्हणालो. परीक्षा नव्हती. तुम्ही म्हणालात, "चांगला लिव. आनि एका होलवर वाकडा गेला तं पुढच्या होलवर तो नेऊ नको." तुम्ही पेपरबद्दल बोलत होतात की त्या दिवसाबद्दल, हे विचारायला तरी मी यायला हवं होतं. तेव्हा तुम्ही आजारी होतात. मला माहीत नव्हतं, आणि ज्या माणसांकडून कळलं असतं, त्यांच्याकडे मी जात नव्हतो.

सर, तुम्ही मला काठी कशी धरायची ते शिकवलंत. माझ्या वडिलांशेजारी बसून त्यांच्या खांद्याची चौकशी करणारा कॉलेजातला एकही माणूस मला तुमच्याशिवाय माहीत नाही. मी अजून खेळतो आणि चेंडू सरळ जातो. विचारणाऱ्याला मी आता तुमचं नाव सांगतो. परवा वडिलांचं कामही सांगितलं, नीट, पूर्ण शब्दांत. ते सोपं गेलं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तुमच्यापर्यंत माझं जे पोचलं ते "कॅडी आहे" एवढंच.

तुम्ही गेलात तेव्हा मला कुणीही कळवलं नाही. तुमचे जुने विद्यार्थी आले, कॅडी तर सगळे आले म्हणे, काम बंद ठेवून. मला कोण कळवणार? मी तुमचा कोण, हे मी चारचौघांत सांगून ठेवलेलं होतं.

दोन आठवड्यांनी त्याच कोर्सवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. मी छापील टी-शर्ट घालून गेलो. शेडजवळून जाताना तिथले दोन म्हातारे कॅडी बोलता बोलता थांबले, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, त्या दिवसाचं त्यांना कळलं असेल. मनात म्हटलं, आज खेळ झाला की सरांकडे जायचंच, काहीही होवो. खरंच ठरवलं होतं, सर. नोंदणीच्या टेबलावर तेच गुलाबी टी-शर्टवाले होते, त्या दिवशी निळ्या टी-शर्टमध्ये. त्यांनी मला लगेच ओळखलं. यादीत माझं नाव शोधत, खूण करत, मान वर न करता ते म्हणाले,

"अरे, मागच्या वेळेला तुझ्या बॅगवर तो म्हातारा कॅडी होता ना, तो गेला. झाले पंधरा दिवस. तुला आज दुसरा कुणी देऊ का?"